विकीच्या पानातून फक्त मूळ मजकूर काढताना तोच तोच कचरा का येतो, आणि तो कसा थांबवायचा

अभ्यासिकेसाठी नोट्सचा संग्रह करायचा असो, कॉलेजच्या प्रोजेक्टला मराठवाड्यातल्या तालुक्यांची माहिती गोळा करायची असो, की नेट नसलेल्या शाळेत मुलांना वाचायला पानं द्यायची असोत, तक्रार एकच ऐकू येते. मराठी विकिपीडियाचं पान उतरवलं, टॅग काढले, आणि फाइल उघडली तर वर मेन्यू, मधेमधे 'संपादन', वाक्यावाक्याला [१] [२], माहितीचौकट एका ओळीत चुरगळलेली आणि तळाशी जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांची लांबलचक पट्टी. पाच पानं हाताने साफ करता येतात, पाचशे नाही. त्यात विकीची मांडणी जरा बदलली की कालपर्यंत नीट चालणारी स्क्रिप्ट आज रिकाम्या फाइली देते.

मूळ चूक साफसफाईत नसते, मागणीत असते. ब्राउझरला दिसणारं पान म्हणजे लेख अधिक मीडियाविकीचं (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचं) आवरण: मेन्यू, भाषांचे दुवे, शोधपेटी, तळटीपा, स्क्रिप्ट. ते सगळं मागवायचं आणि मग त्यातून लेख वेचायचा, यात डेटाही जातो आणि वेळही. सर्व्हरला सांगितलं तर तो आवरण न घालता नुसता लेख देतो. तेवढं केलं की निम्मा कचरा येतच नाही. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र मराठीची काही खास पथ्यं पाळावी लागतात, आणि परभाषेतल्या तयार स्क्रिप्टा तिथेच हमखास अडखळतात.

पुढे पॅरामीटरची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायची; सुरुवातीचं 'एक्स' म्हणजे ex.

आधी ठरवा: हवंय काय?

फक्त वाचायला पानं हवी असतील, मजकुरावर पुढे काही प्रक्रिया करायची नसेल, तर स्क्रिप्ट लिहूच नका. किविक्स नावाचं मोफत ॲप आहे. त्यात विकिपीडियाची झिम फाइल एकदा उतरवली की नेटशिवाय वाचता येते. चित्रांशिवायची आवृत्ती घेतली तर फाइल बरीच लहान असते. शाळेच्या जुन्या संगणकालाही हे झेपतं.

मजकूर स्वतःच्या कामात वापरायचा असेल तर तीन थर आहेत. लेखाची प्रस्तावना किंवा साधा सपाट मजकूर हवा असेल तर एक्स्ट्रॅक्ट्स. मथळे, याद्या, तक्ते यांच्यासह लेख हवा असेल तर पार्स. साचे (एकदा लिहून अनेक पानांत वापरले जाणारे तुकडे) आणि दुवे कसे लिहिलेत तेही हवं असेल तर कच्चा विकिमजकूर, म्हणजे संपादन करताना दिसतो तो. बऱ्याच जणांचं काम पहिल्या थरात भागतं आणि तरी ते तिसऱ्यापासून सुरुवात करतात.

एक्स्ट्रॅक्ट्स: सर्वांत स्वस्त, पण तीन सापळे

मराठी विकिपीडियाच्या एपीआय पत्त्यावर (एपीआय म्हणजे स्क्रिप्टने सर्व्हरकडे माहिती मागायची सोय) ही मागणी पाठवा:

ॲक्शन=क्वेरी, प्रॉप=एक्स्ट्रॅक्ट्स, एक्सइन्ट्रो=१, एक्सप्लेनटेक्स्ट=१, एक्सलिमिट=मॅक्स, रीडायरेक्ट्स=१, फॉरमॅट=जेसन, फॉरमॅटव्हर्जन=२, आणि टायटल्समध्ये उभ्या रेघेने तोडलेली पानांची नावं.

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या पानांच्या प्रस्तावना या एका मागणीत येतात. मेन्यू नाही, चौकट नाही, संदर्भांचे आकडे नाहीत.

पहिला सापळा मोजणीचा. एका मागणीत ५० नावं देता येतात, पण प्रस्तावना एका वेळी २० च मिळतात. उरलेली पानं उत्तरात दिसतात, फक्त त्यांत मजकुराचा रकाना नसतो. बरेच जण इथे समजतात की त्या पानांना प्रस्तावनाच नाही. उत्तरात 'कंटिन्यू' नावाचा भाग येतो. त्यातल्या सगळ्या किमती आहेत तशा पुढच्या मागणीत जोडायच्या आणि तो भाग येणं थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. मराठवाड्यात ७६ तालुके आहेत. ५० आणि २६ असे दोन गट केले तर सगळं हाती यायला पाच फेऱ्या लागतात, २०-२० चे गट पाडले तर चार.

दुसरा सापळा पूर्ण लेखाचा. एक्सइन्ट्रो काढून टाकलं की सर्व्हर एका वेळी एकाच पानाचा मजकूर देतो आणि मर्यादा १ वर आणल्याची सूचना उत्तराच्या 'वॉर्निंग्ज' भागात टाकतो. तो भाग वाचायची सवय लावा. एपीआय बहुतेक वेळा अडचण तिथेच सांगून मोकळा झालेला असतो.

तिसरा सापळा जास्त नुकसान करतो, कारण तो दिसत नाही. एक्स्ट्रॅक्ट्स तक्ते आणि डिव्ह टॅगमधला मजकूर पूर्ण गाळतो. जिल्ह्याच्या लेखात तालुकावार लोकसंख्या तक्त्यात असेल तर ती गायब होते आणि वरचा मथळा तेवढा उरतो. तक्त्यात किंवा चौकटीत महत्त्वाचं काही आहे असं वाटलं तर इथे थांबू नका, पार्सकडे जा.

'पहिली दोन वाक्यं द्या' असं सांगणारा एक्ससेन्टेन्सेस हा पॅरामीटर मराठीत टाळलेलाच बरा. वाक्य कुठे संपतं याचा त्याचा अंदाज पूर्णविरामावर चालतो. 'इ.स.', 'डॉ.', 'कि.मी.' आलं की वाक्य तिथेच तुटायची भीती असते. पूर्ण प्रस्तावना घ्या आणि आपल्या बाजूला कापा. कापताना या संक्षेपांची यादी स्वतःजवळ ठेवा.

पार्स: लेख आहे तसा, आवरण काढून

ॲक्शन=पार्स, पेज=पानाचं नाव, प्रॉप=टेक्स्ट, डिसेबलएडिटसेक्शन=१, डिसेबलटीओसी=१, डिसेबललिमिटरिपोर्ट=१, रीडायरेक्ट्स=१, फॉरमॅट=जेसन, फॉरमॅटव्हर्जन=२.

यातल्या पहिल्या 'डिसेबल'ने प्रत्येक मथळ्याजवळचा 'संपादन' दुवा येत नाही, दुसऱ्याने अनुक्रमणिका, आणि तिसऱ्याने पानाच्या शेवटी टिप्पणी म्हणून येणारा सर्व्हरचा हिशेब. या तीन गोष्टी नंतर साफ करायला लोक दहा-दहा ओळींचा कोड लिहितात.

लेखाचा एकच विभाग हवा असेल तर आधी प्रॉप=सेक्शन्स मागवा. त्यात प्रत्येक विभागाचं नाव आणि क्रमांक येतो. मग सेक्शन=तो क्रमांक देऊन तेवढाच भाग घ्या. सेक्शन=० म्हणजे पहिल्या मथळ्याच्या आधीचा भाग. क्रमांक पाठ करून स्क्रिप्टमध्ये घालू नका. कोणी मधे नवा मथळा घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. नावावरून क्रमांक शोधायचा, तोही दर वेळी.

इतकं करूनही माहितीचौकट, तळाच्या पट्ट्या आणि संदर्भ येतातच, कारण ते लेखाच्या मजकुरातूनच तयार होतात. ते आपल्यालाच काढावे लागतात.

साफसफाईचा क्रम

हे काम पायथनमध्ये ब्युटिफुलसूप किंवा सिलेक्टोलॅक्स या एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्ररींनी करा, की जावास्क्रिप्टमध्ये, क्रम एकच ठेवा: आधी नको ते घटक झाडातून उपटून टाकायचे, मग मजकूर वाचायचा. उलट केलं, म्हणजे आधी मजकूर काढला आणि मग रेजेक्सने (अक्षरांच्या नमुन्यावरून शोधून) कचरा वेचला, की चौकटीतला 'क्षेत्रफळ' आणि लेखातला 'क्षेत्रफळ' यांत फरक कळायला काही खूण उरत नाही.

काढायचे घटक क्लासच्या (एचटीएमएलमध्ये घटकाला लावलेल्या खुणेच्या) नावावरून ओळखा: इन्फोबॉक्स, नॅव्हबॉक्स, ॲम्बॉक्स, हॅटनोट, नोप्रिंट, रेफलिस्ट, संदर्भयादीची ओएल यादी जिचा क्लास रेफरन्सेस असतो, आणि वाक्यातले सुप टॅग ज्यांचा क्लास रेफरन्स असतो. स्टाइल टॅगही काढा. साच्यांच्या शैलीचा कोड लेखाच्या आतच येतो आणि काही पार्सर तो मजकूर समजून छापतात. परिच्छेदाच्या मधोमध महिरपी कंस आणि रंगांचे आकडे दिसले तर ते हेच. विकिटेबल क्लासचे तक्ते ठेवा, त्यांत खरी माहिती असते. ते ओळीओळीने आणि रकाना टॅबने तोडून वाचा.

माहितीचौकटीचा क्लास दर साच्यात तंतोतंत तोच असेलच असं नाही. म्हणून काढण्याआधी आपल्या यादीतली चार-पाच पानं उघडून तक्त्यांचे क्लास डोळ्याने पाहा. एक तालुक्याचं, एक व्यक्तीचं, एक मंदिराचं, एक नदीचं घ्या. गोदावरीच्या पानाची चौकट आणि संत नामदेवांच्या पानाची चौकट वेगवेगळ्या साच्यांतून आलेली असते.

आकड्यांबद्दल एक बारकावा. मराठी विकीवर संदर्भाचे क्रमांक देवनागरीत येऊ शकतात. पायथन ३ मधल्या रेजेक्सच्या 'कोणताही अंक' या खुणेत देवनागरी अंक येतात, जावास्क्रिप्टच्या खुणेत फक्त इंग्रजी अंक. त्यामुळे एकाची स्क्रिप्ट चालते आणि तोच नमुना दुसऱ्याने ब्राउझरात वापरला की [१] जिथल्या तिथे राहतो. सुप टॅगच काढला तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

आता मराठीचा सर्वांत मोठा घोळ. घटक काढले, मजकूर मागवला, आणि समोर हे आलं:

परभणी जिल्ह्या त गोदावरी च्या काठी गंगाखेड हे शहर आहे.

इथे 'जिल्ह्या' आणि 'गोदावरी' हे शब्द ठळक अक्षरांसारख्या एखाद्या टॅगमध्ये आहेत, 'त' आणि 'च्या' हे प्रत्यय त्या टॅगच्या बाहेर. पार्सरच्या, म्हणजे एचटीएमएल वाचणाऱ्या साधनाच्या, लेखी ते वेगळे तुकडे. मजकूर जोडताना विभाजक म्हणून जागा किंवा नवी ओळ दिली की प्रत्येक प्रत्यय शब्दापासून सुटतो. इंग्रजी लेखांवर ही चूक फारशी खुपत नाही, कारण तिथे प्रत्यय असे चिकटत नाहीत. मराठीत ती लगेच दिसते, आणि पुढे शोधयंत्राला किंवा मॉडेलला असा मजकूर दिला तर 'जिल्ह्यात' शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

विभाजक काढून टाकला तर दुसरं टोक: परिच्छेद आणि मथळे एकमेकांना चिकटू शकतात, 'इतिहासहैदराबाद संस्थानात' असं काहीतरी तयार होतं. उपाय असा: संपूर्ण लेखाचा मजकूर एकदम मागवायचाच नाही. मथळे, परिच्छेद आणि यादीतल्या ओळी हे खंड एकामागून एक घ्या, प्रत्येक खंडाचा मजकूर रिकाम्या विभाजकाने जोडा, आणि दोन खंडांच्या मधे नवी ओळ टाका. बीआर टॅग असेल तर त्याच्या जागी आधीच जागा घालून ठेवा. यादीच्या आत यादी असेल तर आतली ओळ दोनदा येते. म्हणून बाहेरच्या ओळीचा मजकूर घेताना आतली यादी वगळा.

यानंतर 'फालतू चिन्हं काढू' म्हणून जी ओळ लिहिली जाते तिच्याकडे नीट बघा. पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये 'शब्दातलं अक्षर' या खुणेत काना, मात्रा, वेलांटी, उकार बसत नाहीत. 'अक्षर आणि जागा सोडून बाकी सगळं काढ' असं सांगितलं की 'लातूर'चं 'लतर' होतं आणि 'बीड'चं 'बड'. त्याच खुणेने शब्द तोडायला गेलात तर 'मराठवाडा'चे 'मर', 'ठव', 'ड' असे तीन तुकडे पडतात. त्याऐवजी युनिकोडचा देवनागरी पट्टा, म्हणजे ०९०० ते ०९७एफ, स्पष्ट देऊन नमुना लिहा.

अदृश्य जोडचिन्हही, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, सरसकट उडवू नका. 'दुसर्‍या', 'तर्‍हा' असं लिहिताना कित्येक लेखांत ते अर्ध्या र साठी वापरलेलं असतं. ते गेलं की 'दुसर्या' होतं आणि शब्दाचं रूपच बिघडतं. हवं तर र, हलंत आणि जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत घाला, म्हणजे संग्रहात एकसारखं लेखन राहील. ते मात्र सगळ्या फाइलींवर करा, अर्ध्यांवर नको.

शेवटी विभाग. 'संदर्भ', 'बाह्य दुवे', 'हेसुद्धा पाहा' हे मथळे आणि त्यांच्याखालचं सगळं, पुढचा त्याच पातळीचा मथळा येईपर्यंत, काढा. मथळ्यांचं लेखन एकसारखं नसतं: 'हे सुद्धा पहा', 'हे ही पाहा', 'संदर्भ आणि नोंदी' अशा रूपांची छोटी यादी करून ठेवा आणि तुलनेआधी मधल्या जागा काढून टाका.

इथेच जुन्या स्क्रिप्टा मोडतात. २०२४ पासून विकिपीडियाच्या पानांत मथळ्याचा एचटू टॅग एमडब्ल्यू-हेडिंग क्लासच्या डिव्हमध्ये गुंडाळून येऊ लागला. 'एचटू नंतरचं भावंड म्हणजे परिच्छेद' असं धरून लिहिलेल्या कोडला आता त्या जागी परिच्छेद सापडत नाही, म्हणून विभाग रिकामे येतात. आई-घटक एमडब्ल्यू-हेडिंग असेल तर त्याच्यापासून पुढे चला, नसेल तर एचटूपासून. दोन्ही हाताळले की जुनी विकी आणि नवी विकी दोन्ही चालतात.

गावांच्या पानांवर आणखी एक गोष्ट दिसेल. मराठवाड्यातल्या कित्येक खेड्यांचे लेख एकाच साच्यातून घडवलेले आहेत: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. बऱ्याच मथळ्यांखाली एक ओळही नसते. ज्या मथळ्याखाली पुढच्या मथळ्यापर्यंत मजकूरच नाही तो मथळा काढा, आणि हवामानाचं तेच वाक्य शेकडो गावांत शब्दशः आलं असेल तर एकदाच ठेवा. ही छाटणी केली नाही तर संग्रह मोठा दिसतो आणि माहिती मूठभर असते.

ज्यांना हे सगळं क्लासच्या भरवशावर सोडायचं नाही त्यांच्यासाठी पार्सॉइडचं (मीडियाविकीच्याच दुसऱ्या पार्सरचं) एचटीएमएल आहे. मीडियाविकीच्या रेस्ट एपीआयमधून पान एचटीएमएल म्हणून मागवलं की प्रत्येक विभाग सेक्शन टॅगमध्ये येतो, त्यामुळे 'बाह्य दुवे' एका फटक्यात काढता येतात. साच्यातून आलेल्या भागावर टाइपऑफमध्ये 'ट्रान्सक्लूजन' अशी खूण असते. एका साच्यातून अनेक घटक आले असतील तर सगळ्यांवर अबाउटचा क्रमांक सारखा असतो. एक काढलात तर तो क्रमांक असलेले सगळे काढा. पण सरसकट सगळे साचे उडवू नका, वाक्यातली मापं आणि परभाषेतली नावंही साच्यातूनच येतात. तक्ता किंवा डिव्ह असलेले साचे काढा, वाक्याच्या पोटातले राहू द्या.

कच्चा विकिमजकूर घेतला तर

ॲक्शन=रॉ ने पानाचा विकिमजकूर सरळ मिळतो, सर्व्हरवर ताणही कमी. पण तो साफ करायला एमडब्ल्यूपार्सरफ्रॉमहेलसारखी लायब्ररी वापरली तरी मराठीत दोन गोष्टी उरतात. चित्राच्या दुव्यातून 'thumb' हा शब्द, पिक्सेलचा आकडा आणि उभ्या रेघा मजकुरात येतात. आणि तळाशी 'वर्ग:लातूर जिल्ह्यातील तालुके' अशा ओळी राहतात. कारण साधं आहे: साफ करणारं फंक्शन प्रत्येक दुव्याचा मजकूर ठेवतं, तो दुवा चित्राचा आहे की वर्गाचा हे ते बघत नाही. फंक्शन चालवण्याआधी 'चित्र:', 'वर्ग:' आणि त्यांची इंग्रजी रूपं यांनी सुरू होणारे सगळे दुवे काढून टाका.

विकिस्रोतावर (विकिमीडियाच्या पुस्तकसंग्रहावर) कच्चा मजकूर मागवला आणि हाती फक्त एक-दोन ओळी आल्या तर पान रिकामं आहे असं समजू नका. तिथे पुस्तकाचं प्रकरण अनेकदा स्कॅन केलेल्या पानांवरून ओढून आणलेलं असतं. प्रकरणाच्या पानात 'या पुस्तकाची अमुक ते अमुक पानं दाखव' एवढाच आदेश असतो. अशा वेळी पार्सच वापरावं लागतं, कारण तिथेच ती पानं प्रत्यक्षात जोडली जातात.

नाव बरोबर, पण पान मिळत नाही

मराठवाड्यावर काम करणाऱ्यांना हा त्रास इतरांपेक्षा जास्त. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या सरकारी याद्यांत जुनी नावं, नव्या याद्यांत नवी. रीडायरेक्ट्स=१ दिलं नसेल तर जुन्या नावावर लेखाऐवजी पुनर्निर्देशनाची एक ओळ मिळू शकते. दिलं असेल तर उत्तरात 'रीडायरेक्ट्स' नावाची यादी येते: कुठून कुठे नेलं. ती साठवून ठेवा, नाहीतर तुमच्या यादीतलं नाव आणि आलेल्या पानाचं नाव जुळणार नाही आणि तुम्ही 'पान हरवलं' असं समजाल.

औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. परळी म्हटलं की वैजनाथाची परळी आठवते, पण सज्जनगडाच्या पायथ्यालाही परळी आहे. म्हणून प्रॉपमध्ये पेजप्रॉप्सही मागा. पान नुसतं निःसंदिग्धीकरणाचं, म्हणजे एकाच नावाच्या अनेक लेखांची यादी देणारं, असेल तर तिथे 'डिसॅम्बिग्युएशन' अशी खूण येते. अशी पानं बाजूला काढून हाताने बघा.

अंबाजोगाई आणि अंबेजोगाई, वेरूळ आणि वेरुळ, ही रूपं संगणकाच्या लेखी वेगळी आहेत. सर्व्हर नावाचं युनिकोड सामान्यीकरण करतो, शुद्धलेखन नाही. उत्तरात 'मिसिंग' आलं तर लिस्ट=सर्च वापरून तेच नाव शोधा आणि पहिले दोन-तीन निकाल डोळ्याखालून घाला. आपोआप पहिला निकाल उचलू नका.

पन्नास नावांची मागणी पाठवली आणि 'पत्ता फार लांब' अशी त्रुटी आली तर दोष देवनागरीचा नाही, पद्धतीचा आहे. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्ह नऊ अक्षरांचं होतं, कारण ते तीन बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो. 'छत्रपती संभाजीनगर' या नावात सोळा चिन्हं आहेत. मधल्या जागेचं अधोरेखित धरून पत्त्यात ती १४५ अक्षरं होतात. अशी ५० नावं सात हजारांच्या पुढे जातात. नावं पोस्ट पद्धतीने (पत्त्यात न घालता) पाठवा किंवा एकदा पेजआयडी, म्हणजे पानाचा क्रमांक, मिळवून पुढे तेच वापरा. पेजआयडीचा दुसरा फायदा असा की पानाचं नाव बदललं तरी तो सहसा तोच राहतो.

वेग, ४०३ आणि ४२९

पहिल्याच मागणीला ४०३, म्हणजे नकार, आला तर बहुतेक वेळा यूजर-एजंट (मागणी कोण पाठवतंय हे सांगणारी ओळ) नसतो किंवा लायब्ररीचा मूळचाच असतो. विकिमीडियाच्या धोरणाप्रमाणे त्यात स्क्रिप्टचं नाव, आवृत्ती आणि संपर्काचा पत्ता असायला हवा. ४२९ म्हणजे तुम्ही घाई करताय. उत्तरासोबत आलेल्या 'रिट्राय-आफ्टर'मध्ये जितके सेकंद सांगितलेत तितकं थांबा. दहा धागे (समांतर मागण्या) एकदम सोडू नका. एकामागून एक मागण्या, एकच सेशन उघडं ठेवून, मॅक्सलॅग=५ (सर्व्हर मागे पडला असेल तर मागणी नाकार, असं सांगणारा पॅरामीटर) आणि जीझिप चालू, इतकं पुरतं. धाग्यांनी वाचणारा वेळ अडवणुकीत परत जातो.

खरी बचत वेगळ्याच ठिकाणी आहे. पानं पुन्हा आणण्याआधी प्रॉप=इन्फो मागवा. त्यात प्रत्येक पानाचा लास्टरेव्हआयडी (शेवटच्या आवृत्तीचा क्रमांक) येतो, आणि तो एका मागणीत ५० पानांचा मिळतो. ७६ तालुक्यांसाठी दोन मागण्या. आपल्याजवळच्या आवृत्तीशी तो जुळला तर पान आणायचंच नाही. दर आठवड्याला संग्रह ताजा करणाऱ्याला बहुतेक पानं पुन्हा आणावी लागत नाहीत.

भारनियमन आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम असेल तर प्रत्येक पान आलं की लगेच स्वतंत्र फाइलीत लिहा, नावात पेजआयडी आणि आवृत्ती क्रमांक ठेवा. सगळं मेमरीत साठवून शेवटी एकदम लिहिणारी स्क्रिप्ट लाइट गेली की शून्यावर येते. मागणीला ३० सेकंदांची मुदत घाला, नाहीतर अर्धवट तुटलेल्या नेटवर ती तासन्‌तास लटकून राहते.

काही हजारांहून जास्त पानं हवी असतील तर एपीआय सोडा आणि विकिमीडियाच्या डम्पमधली (पूर्ण विकीच्या उतरवता येणाऱ्या प्रतीतली) मराठी विकिपीडियाची 'पेजेस-आर्टिकल्स' फाइल घ्या. ती बीझिप२ मध्ये दाबलेली एक्सएमएल असते. उलगडून नोटपॅडमध्ये उघडायचा प्रयत्न करू नका. दाबलेल्या अवस्थेतच प्रवाहाने वाचा, एनएस शून्य असलेली, म्हणजे लेखांची, पानं घ्या, रीडायरेक्ट टॅग असलेली सोडा, आणि प्रत्येक पान झालं की तो घटक मेमरीतून रिकामा करा. हे शेवटचं विसरलं की चार जीबीच्या लॅपटॉपचा श्वास कोंडतो.

कॉलेजची किंवा संस्थेची स्वतःची विकी असेल तर

एपीआय बंद असला तरी मीडियाविकीवर ॲक्शन=रेंडर चालून जातं: आवरणाशिवाय नुसता लेख, पुढची साफसफाई वरीलप्रमाणेच. एक्स्ट्रॅक्ट्स मात्र वेगळं एक्स्टेन्शन आहे, ते बसवलेलं नसेल तर 'अनोळखी प्रॉप' अशी सूचना येते. डोकुविकी या दुसऱ्या विकी सॉफ्टवेअरवर डू=एक्सपोर्ट_एक्सएचटीएमएलबॉडी ने लेखाचं अंग आणि डू=एक्सपोर्ट_रॉ ने कच्चा मजकूर मिळतो.

साठवताना

फाइल उघडली आणि अक्षरांऐवजी उलटी तिरपी रेघ, यू आणि चार आकडे असे तुकडे दिसले तर मजकूर बिघडलेला नाही. जेसन लिहिताना पायथन मूळ सवयीने देवनागरीचे संकेत लिहितो. एन्शुअर_ॲस्की=फॉल्स (इथे False मधलं F मोठं) द्या आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये उघडा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर अनोळखी चिन्हांची माळ दिसत असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग ठेवा. एक्सेलला फाइलीच्या सुरुवातीची ती खूण लागते.

प्रत्येक नोंदीत पानाचं नाव, पेजआयडी, आवृत्ती क्रमांक आणि उतरवल्याची तारीख ठेवाच. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली आहे. तो छापताना किंवा पुढे देताना स्रोताचा दुवा, परवान्याचं नाव आणि तुम्ही बदल केल्याचा उल्लेख लागतो, आणि त्यावरून केलेलं कामही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. आवृत्ती क्रमांक जवळ असला की ओल्डआयडीचा कायमचा दुवा केव्हाही तयार करता येतो. तो नसेल तर सहा महिन्यांनी लेख बदललेला असतो आणि आपण नेमका कोणता मजकूर घेतला होता हे दाखवता येत नाही.